वसंतातले अन्न कुणाच्या तोंडी

उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरे मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर पसरली आहेत, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश क्षेत्रफळाइतकी. नद्या-सरोवरांच्या रूपाने पृथ्वीच्या पाठीवर जे गोडे पाणी आहे, त्याचा पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. सुपीरिअर सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत खोल, ४०६ मीटरपर्यंत. ईरी सगळ्यांत उथळ, तिथे ६४ मीटरवर तळ लागतो. मिशिगन आणि ह्यूरन ही नकाशावर दोन सरोवरे असली तरी मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली असल्यामुळे पाण्याच्या हिशेबात एकच. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे थर मागे हटले, तेव्हा त्यांनीच कोरलेले हे खड्डे पाण्याने भरले. आजच्या रूपाला येऊन त्यांना फार तर दहा हजार वर्षे झाली असतील. तेवढ्या काळात इथे माशांच्या दीडशेहून अधिक जाती स्थिरावल्या आणि कुणी कुणाला खायचे याची एक घडी बसली. गेल्या दोन शतकांत ही घडी तीन बाजूंनी विस्कटली: वरून, मधून आणि शेवटी तळातून. तळातून बसलेला धक्का सगळ्यांत खोलवर गेला. तो का, हे समजायला आधी सरोवरात अन्न कुठून येते ते पाहावे लागते.

खोल सरोवरात अन्न तयार होते ते वरच्या, उजेडाच्या थरात. तिथे सूर्यप्रकाश आणि फॉस्फरस यांच्या जोरावर सूक्ष्म वनस्पती वाढतात; त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. उन्हाळ्यात उजेडाला तोटा नसतो, टंचाई असते ती फॉस्फरसची. जे काही मरते ते खाली जात असल्यामुळे तो तळाकडे साठत राहतो. हे खत पुन्हा वर आणण्याचे काम तापमान करते. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. हिवाळा सरल्यावर पृष्ठभाग तापत तापत ४ अंशांच्या आसपास आला, की वरपासून खालपर्यंत सगळे पाणी सारख्याच वजनाचे होते आणि वारा ते अख्खे घुसळून काढतो. याच दिवसांत डायटमचा मोठा बहर येतो. डायटम ही सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय वनस्पती. थंड पाण्यात वाढणारी, तेलाचा साठा बाळगणारी आणि कवचामुळे जड. जून उजाडला की वरचे पाणी तापून हलके होते, गार पाणी खाली अडकते आणि दोन्हींची सरमिसळ थांबते. शरदात पुन्हा एकदा घुसळण होते खरी, पण वर्षाचे भांडवल म्हणावे ते वसंतातलेच. उन्हाळ्यातले बारीक शेवाळ बहुतांशी वरच्या वर खाल्ले जाते आणि वरच्या वर संपते. वसंतातले डायटम मात्र बुडतात आणि ६०, ८०, १०० मीटरवरच्या अंधारात ताजे, तेलकट अन्न पोहोचवतात.

त्या अंधारात ते अन्न उचलणारा प्राणी म्हणजे डायपोरिया. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर, रंग पांढुरका, अंग दोन्ही कुशींनी दाबलेले आणि पाठीतून वाकलेले. कोळंबी-खेकड्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला हा एक बारका सदस्य. तळाच्या चिखलाच्या वरच्या दोन-एक सेंटीमीटरमध्ये तो राहतो आणि वरून पडणारे डायटम चिखलातून वेचून खातो. मिशिगन सरोवराच्या काही भागांत एका चौरस मीटरला दहा हजारांहून अधिक डायपोरिया असत. वसंतातल्या बहरानंतर त्यांच्या अंगात इतके तेल साठे, की माशांच्या दृष्टीने त्याहून सकस घास सरोवरात दुसरा नव्हता. सरोवराच्या तळावरचे बहुतेक सारे जीवन या एका प्राण्याच्या रूपात होते, असे म्हटले तरी चालेल.

त्याच्या जोडीला मायसिस. हा दिसायला थेट जवळ्यासारखा, दोन-अडीच सेंटीमीटरचा, काळ्याभोर डोळ्यांचा. दिवसभर तो तळाशी राहतो आणि काळोख पडला की प्राणिप्लवक खायला वर येतो; पहाट होण्याआधी पुन्हा खाली. रोज रात्री कोट्यवधी मायसिस वर चढतात आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे मासेही. तळाचे अन्न आणि वरचे अन्न यांची गाठ या येण्याजाण्यामुळे पडते. वरच्या पाण्यात डॅफ्नियासारखे पाणपिसू आणि कोपेपॉड हे वनस्पतिप्लवक खाऊन जगतात. माशांच्या पिल्लांचे पहिले अन्न तेच.

या दोन वाटांवर, म्हणजे खुल्या पाण्याच्या आणि तळाच्या वाटेवर, मूळचे मासे पसरलेले होते. सिस्को नावाच्या रुपेरी माशांच्या अनेक जाती वेगवेगळ्या खोलीवर राहत. कुणी प्लवकावर जगे, कुणी मायसिसवर, कुणी डायपोरियावर. त्यांच्याच कोरेगोनस या प्रजातीतला व्हाइटफिश खालच्या बाजूला वळलेल्या तोंडाने तळ टिपत फिरे. स्कल्पिन हे मोठ्या डोक्याचे छोटे मासे तळाशीच बसून असत. आणि या सगळ्यांवर दोन शिकारी: लेक ट्राउट आणि कॉडच्या कुळातला, कायम गोड्या पाण्यातच राहणारा बरबॉट. लेक ट्राउट म्हणजे एकच साचा नव्हे. सुपीरिअरमध्ये उथळ पाण्यातला सडपातळ ट्राउट वेगळा आणि ८० मीटरच्या खाली राहणारा, अंगात भरपूर चरबी असलेला सिस्कोवेट वेगळा. ही चरबी त्याला पाण्यात वर-खाली होताना तरंगायला मदत करते. रात्री मायसिसच्या मागे सिस्को वर सरकतात आणि सिस्कोंच्या मागे सिस्कोवेट.

हे सारे साखळी म्हणून सांगितले की फार सोपे वाटते. प्रत्यक्षात एकच मासा आयुष्यात तीन-चार जागा बदलतो. लेक ट्राउट शरदात खडकाळ उथळ्यांवर अंडी घालतो, ती दगडांच्या फटींत हिवाळा काढतात. वसंतात बाहेर पडलेले पिल्लू कोपेपॉड आणि पाणपिसू खाते, थोडे वाढले की मायसिस आणि डायपोरिया, मग स्कल्पिन, मग सिस्को. पहिल्या वर्षी ज्या माशाने त्याला सहज गिळले असते, त्याच माशाला ते काही वर्षांनी खाते. म्हणूनच अन्नजाळे हा शब्द जास्त खरा. एखाद्या छोट्या माशाची संख्या बेसुमार वाढली, तर मोठ्या शिकाऱ्याला खाद्य मिळतेच, पण त्याच्या पिल्लांचा फडशाही पडू शकतो. पुढे बाहेरून आलेल्या एलवाइफ या माशाने हे दाखवून दिले.

जाळ्यातून किती ऊर्जा वर जाते, याचा पायाभूत अभ्यास याच परिसरात झाला. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्यावर रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने काम केले आणि १९४२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, त्याचा निबंध छापून आला. मृत्यूसमयी लिंडमन अवघा २६ वर्षांचा होता. कोण कुणाला खातो या यादीऐवजी किती ऊर्जा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पोहोचते, हा प्रश्न त्याने विचारला. पुढच्या संशोधनातून ढोबळ नियम निघाला, की प्रत्येक पायरीवर सुमारे दहावा हिस्सा वर जातो आणि बाकीचा श्वसनात, हालचालीत, विष्ठेत संपतो. डायटम, डायपोरिया, स्कल्पिन, ट्राउट अशा चार पायऱ्या धरल्या, तर एक किलो ट्राउटसाठी साधारण हजार किलो डायटम लागतात. मध्ये एक पायरी वाढली की दहा हजार. व्हाइटफिश थेट डायपोरिया खातो, त्यामुळे तेवढ्याच डायटमवर त्याचे पीक ट्राउटपेक्षा भरघोस येऊ शकते, यात नवल नाही.

कोणता मासा कोणत्या पायरीवर आहे, हे ठरवायला पूर्वी पोट फाडून पाहणे एवढाच मार्ग होता. पोटात कालची शिकार दिसते, वर्षभराचा आहार नाही. आता माशाच्या स्नायूतल्या नायट्रोजनचे जड समस्थानिक मोजतात. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण हजारामागे साधारण ३.४ने वाढते, त्यामुळे मांसाच्या छोट्या तुकड्यावरून मासा गेले काही महिने कोणत्या पायरीवर जेवत होता ते कळते. पायऱ्यांचा हा चढ दुसऱ्या, घातक रूपातही दिसला. कारखान्यांतून आलेली पीसीबी नावाची रसायने चरबीत विरघळतात आणि शरीरातून बाहेर पडत नाहीत. पाण्यात जवळपास न सापडणारे हे विष प्रत्येक पायरीवर दाट होत गेले आणि १९७०च्या दशकात ट्राउटच्या चरबीत व मासे खाणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या अंड्यांत मोठ्या प्रमाणात आढळले. बंदीनंतर प्रमाण बरेच उतरले, तरी कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याच्या सरकारी सूचना आजही निघतात.

जाळ्याला पहिला मोठा धक्का वरून बसला. ऑन्टॅरिओ आणि ईरी यांच्यामध्ये नायगाराचा धबधबा आहे. समुद्राकडून येणाऱ्या कोणत्याही माशाला तो चढता येत नव्हता. १८२९मध्ये जहाजांसाठी वेलंड कालवा झाला आणि धबधब्याला वळसा घालणारी वाट उघडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालवा खोल केल्यावर १९२१मध्ये ईरीमध्ये समुद्री लँप्रे सापडला, १९३६मध्ये मिशिगनमध्ये, १९३७मध्ये ह्यूरनमध्ये, १९३८मध्ये सुपीरिअरमध्ये. लँप्रेला जबडा नसतो. गोल तोंडात दातांची एकाबाहेर एक वर्तुळे आणि मधोमध कानशीसारखी खरखरीत जीभ. तो ट्राउटच्या कुशीला चिकटतो, खवले आणि कातडी खरवडून भोक पाडतो आणि रक्त गोठू न देणारी लाळ सोडून रक्त व शरीरद्रव शोषत राहतो. समुद्रात मोठे मासे यातून बहुधा वाचतात. इथल्या ट्राउटची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. सरोवरातल्या वर्ष-दीड वर्षाच्या मुक्कामात एक लँप्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो.

मच्छीमारांची जाळी आधीच भरपूर ट्राउट काढत होती. त्यात हा उपद्रव. सुपीरिअर, मिशिगन आणि ह्यूरन या वरच्या तीन सरोवरांतून दरवर्षी सुमारे १.५ कोटी पौंड, म्हणजे ६,८०० टनांच्या आसपास ट्राउट निघत असे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा ३ लाख पौंडांवर आला. मिशिगनमधला मूळचा ट्राउट १९५०च्या दशकात संपूर्ण नाहीसा झाला. किनाऱ्यावरच्या गावांचा धंदा बसला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या होड्या विकल्या गेल्या.

लँप्रेवरचा उपाय मात्र मत्स्यविज्ञानातले फार मोठे यश आहे. लँप्रेची पिल्ले तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही जास्त, ओढ्यांच्या गाळात राहतात. डोळे नसल्यासारखी, निरुपद्रवी, पाणी गाळून खाणारी. त्यांना तिथेच गाठायचे ठरले. ह्यूरनकाठच्या हॅमंड बे प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट आणि सहकाऱ्यांनी हजारो रसायने काचेच्या भांड्यांत एकामागून एक तपासली. भांड्यात लँप्रेची पिल्ले आणि इतर मासे एकत्र सोडायचे आणि कोण मरते ते पाहायचे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टीएफएम हे रसायन हाती लागले. योग्य मात्रेत ते लँप्रेची पिल्ले मारते आणि बाकीच्या बहुतेक माशांना सोडून देते. १९५८पासून सुपीरिअरला मिळणाऱ्या ओढ्यांत ते सोडायला सुरुवात झाली. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५४च्या कराराने स्थापन केलेला ग्रेट लेक्स मत्स्य आयोग हे काम आजवर चालवतो. लँप्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली, पण तो संपलेला नाही. २०२० आणि २०२१मध्ये साथीमुळे ओढ्यांतली फवारणी आखडती घ्यावी लागली, तेव्हा त्याने लगेच उचल खाल्ली.

वरचा शिकारी गेल्यावर मधली पायरी मोकळी सुटली. त्याच सुमारास अटलांटिककाठचा एलवाइफ आत शिरला होता. हा तारलीच्या नात्यातला, वीतभराचा रुपेरी मासा मिशिगनमध्ये १९४९मध्ये दिसला. त्याला खाणारा ट्राउट उरला नव्हता. थोड्याच वर्षांत सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनात एलवाइफचाच वाटा सिंहाचा झाला. कल्ल्यांजवळच्या बारीक चाळण्यांनी तो प्राणिप्लवक गाळतो आणि मोठे जीव नेमके टिपून खातो. मिशिगनमधून १९५४, १९६६ आणि १९६८मध्ये घेतलेल्या नमुन्यांत हे स्वच्छ दिसले: १९६६पर्यंत मोठ्या आकाराचे पाणपिसू आणि कोपेपॉड जवळपास दिसेनासे झाले होते, लहान जाती बोकाळल्या होत्या. १९६५मध्ये ब्रुक्स आणि डॉडसन यांनी कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकचे १९४२ आणि १९६४चे नमुने ताडून हाच निष्कर्ष काढला होता. तिथे एलवाइफचा जवळचा भाऊबंद सोडला गेला होता. मासे कोणते आहेत यावर पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा आकार ठरतो, ही तेव्हा नवी गोष्ट होती. पुढे स्टीफन कार्पेंटर आणि जेम्स किचेल यांनी विस्कॉन्सिन-मिशिगन सीमेवरच्या लहान तळ्यांत शिकारी मासे कमी-जास्त करून दाखवले, की हा परिणाम खाली पार शेवाळापर्यंत पोहोचतो.

एलवाइफने दुसरेही नुकसान केले. पर्च, सिस्को आणि इतर मूळ माशांची नुकती फुटलेली पिल्ले तो खातो. त्याच्या अंगात थायमिनेज हे विकर असते. एलवाइफवर वाढलेल्या ट्राउटच्या मादीच्या अंड्यांत ‘ब१’ जीवनसत्त्व अपुरे पडते आणि पिल्ले पोहायला लागण्याआधीच मरतात. हॅचरीत वाढवलेला ट्राउट सरोवरात सोडला तर तो जगत होता, मोठा होत होता, अंडीही घालत होता. पण पुढची पिढी दिसत नव्हती. यामागची जी अनेक कारणे शोधली गेली, त्यांत हे एक ठळक निघाले.

१९६७च्या वसंत-उन्हाळ्यात मिशिगनमधले एलवाइफ अमाप संख्येने मेले. थंड सरोवरातल्या तापमानाच्या चढउतारांशी या समुद्री माशाचे शरीर पुरते जुळलेले नव्हते. शिकागोसह किनाऱ्यांवर मेलेल्या माशांचे थर साचले, ते हटवायला बुलडोझर लावावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरचा कोहो सामन सरोवरात सोडला होता. १९६७मध्ये मोठा चिनूक सामनही आला. हेतू दुहेरी: एलवाइफवर शिकारी आणायचा आणि गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांसाठी खेळ उभा करायचा. दोन्ही साधले, आणि कल्पनेपलीकडे साधले. बंदरे पुन्हा गजबजली. पण या यशाची किंमत होती. टॅनर यांनी ज्या माशावर भिस्त ठेवली, त्या चिनूकचे पोट जवळजवळ एकट्या एलवाइफवर भरते. आता लोकांना सामन हवा होता, म्हणजे एलवाइफही हवा होता, आणि ज्याला कालपर्यंत उपद्रव म्हणत होते त्याला जपण्याची वेळ आली. परक्या माशाला आवर घालायला दुसरा परका मासा आणला, तर पुढे दोघांचाही सांभाळ करावा लागतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मिशिगनमध्ये चिनूक मूत्रपिंडाच्या जिवाणूजन्य रोगाने मोठ्या संख्येने मेले. उपाशी, अशक्त माशांत तो रोग पटकन पसरतो.

तरीही इथवर पाया शाबूत होता. डायटमचा बहर दर वसंतात येत होता, डायपोरिया तळाशी होता. तो पाया हलला १९८८नंतर. सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९मध्ये खुला झाल्यापासून समुद्रगामी जहाजे थेट सरोवरांत येत. रिकामे जहाज तोल सांभाळायला टाक्यांत पाणी भरून घेते आणि माल चढवताना ते बंदरात सोडते. अशाच पाण्यातून काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातला झेब्रा शिंपला आला. १९८८मध्ये तो ह्यूरन आणि ईरी यांच्यामधल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. वर्षभरात त्याचा भाऊबंद क्वागा शिंपलाही ईरीत आढळला. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते आणि पिल्ले काही आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात, त्यामुळे पसरायला वेळ लागत नाही. झेब्रा शिंपल्याला चिकटायला खडक, लाकूड, पाइप असे काहीतरी टणक लागते. त्याने शहरांच्या पाणीपुरवठ्याचे पाइप बुजवले आणि बातम्यांत तोच गाजला. खरी उलथापालथ मात्र क्वागाने केली. तो मऊ चिखलावरही राहतो, थंड पाण्यातही खातो आणि वाढतो. २०००नंतर तो मिशिगन आणि ह्यूरनच्या खोल तळावर पसरला आणि चौरस मीटरला हजारोंच्या संख्येने बसला.

शिंपला एका बाजूने पाणी आत ओढतो, त्यातले कण गाळतो आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी सोडतो. मोठा शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. उन्हाळ्यात सरोवर दोन थरांत विभागलेले असते, तेव्हा खोल तळावरच्या शिंपल्याला वरचे अन्न मिळत नाही. पण वसंतात वारा अख्खे सरोवर घुसळतो, तेव्हा वरचे पाणी त्याच्या तोंडाशी येते, आणि ते दिवस नेमके डायटमच्या बहराचे. जे डायटम हळूहळू बुडून डायपोरियाला मिळायचे, ते आता वाढण्याआधीच गाळले जातात. दक्षिण मिशिगनमध्ये वसंतातला बहर निम्म्याहून कितीतरी जास्त घटला. पाण्यातले सिलिकाचे प्रमाण वाढत गेले, कारण ते कवचासाठी वापरायला डायटम उरले नाहीत. मिशिगन आणि ह्यूरनचे पाणी इतके नितळ झाले, की उपग्रहांच्या नोंदींनुसार ते सुपीरिअरपेक्षाही पारदर्शक ठरले.

नितळ पाणी पाहून किनाऱ्यावर येणाऱ्याला सरोवर सुधारले असे वाटते. १९७०च्या दशकात सांडपाण्यातल्या फॉस्फरसविरुद्ध मोठा लढा दिला गेला होता. १९७२मध्ये दोन्ही देशांनी पाण्याच्या गुणवत्तेचा करारही केला, आणि त्यातून जी स्वच्छता आली ती मोलाचीच होती. शिंपल्यांमुळे आलेली पारदर्शकता निराळी. ते अन्न सरोवराबाहेर गेलेले नाही. ते तळावरच्या कवचांत आणि विष्ठेत अडकले आहे, आणि खुल्या पाण्यातल्या माशांना पारखे झाले आहे. किनाऱ्यालगत उजेड आता खोलवर पोहोचतो आणि शिंपल्यांच्या विष्ठेतून फॉस्फरसही तिथेच मिळतो, त्यामुळे खडकांवर क्लॅडोफोरा नावाचे लांब तंतूंचे शेवाळ माजते. म्हणजे किनाऱ्याला अजीर्ण आणि मधल्या खोल पाण्याला उपासमार, असे एकाच सरोवरात घडते.

डायपोरियाची पीछेहाट मिशिगनच्या आग्नेय भागात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आली. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतले टॉमस नालेपा आणि त्यांचे सहकारी तळाचे नमुने वर्षानुवर्षे घेत होते, म्हणूनच ती वेळेवर कळली. चिखलाने भरलेली बादली वर ओढायची, चाळणीत धुवायची आणि उरलेले प्राणी मोजायचे, असे हे कंटाळवाणे काम. पूर्वी ज्या चाळणीत शेकडो डायपोरिया वळवळत, तिथे काही वर्षांनी एकही सापडेना. नवल असे, की काही ठिकाणी अन्न पुरेसे दिसत असूनही ते गेले, त्यामुळे केवळ उपासमार हे कारण सगळ्या संशोधकांना पटलेले नाही. परिणामांबद्दल मात्र वाद नाही. व्हाइटफिश रोडावला, तो शिंपले खाऊ लागला, पण कवचासकट गिळलेल्या शिंपल्यात डायपोरियाचे तेल कुठून असणार? पुढे तर मिशिगन आणि ह्यूरनमध्ये त्याची पिल्लेच वाढीला लागेनाशी झाली, कारण त्यांना हवे असलेले वसंतातले प्राणिप्लवकही डायटमबरोबर आटले. मूळ रहिवाशांसह सगळ्यांनी शतकानुशतके खाल्लेला हा मासा आज तिथल्या मच्छीमारांच्या चिंतेचा पहिला विषय आहे.

ह्यूरनमध्ये जाळे कसे कोसळते ते २००३-०४मध्ये दिसले. खालून अन्न घटले होते. वरून सोडलेले चिनूक आणि शिवाय नद्यांत आपोआप पैदास होऊ लागलेले चिनूक एलवाइफ खात होते. दोन्हींच्या कात्रीत एलवाइफ जवळपास नाहीसा झाला. मागोमाग चिनूक हाडकुळे होऊन ओसरले आणि सामनवर उभा राहिलेला किनाऱ्यावरचा धंदा बसला. त्याच वेळी दुसरीकडे उलटे घडले. एलवाइफ गेल्यावर सॅगिनॉ उपसागरात वॉलाय या माशाची पिल्ले वाचू लागली आणि २००९पर्यंत तिथला वॉलाय सावरल्याचे जाहीर झाले. ट्राउटच्या अंड्यांत ‘ब१’ जीवनसत्त्व पुन्हा येऊ लागले. हॅचरीतून सोडलेल्या ट्राउटचा एक पर ओळखीसाठी कापलेला असतो. २००४नंतर सर्व पर शाबूत असलेले, म्हणजे सरोवरातच जन्मलेले ट्राउट जाळ्यांत मिळू लागले.

ट्राउट टिकला याचे एक कारण त्याची खाण्याची सवय. चिनूक एलवाइफवरच अडून बसतो, ट्राउट मिळेल ते खातो. आणि खायला नवे काहीतरी आले होते: गोल गोबी, शिंपल्यांच्याच मुलखातून जहाजांच्या पाण्यातून आलेला, १९९०मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडलेला बोटभर मासा. तो शिंपले फोडून खातो. शिंपल्यांत अडकलेले थोडे अन्न त्याच्यामार्फत पुन्हा माशांकडे वळते; ट्राउट, बरबॉट, बास असे मासे आणि पाणकावळे गोबीवर जगू लागले. ईरीच्या बेटांवरचा एक पाणसाप नामशेष होण्याच्या बेतात होता. त्याचा आहार जवळजवळ पूर्णपणे गोबीचा झाला, आणि २०११मध्ये त्याचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले गेले. याच वाटेने विषही वर जाते. कुजणाऱ्या क्लॅडोफोराखाली प्राणवायू संपला, की बोट्युलिझमचे जिवाणू वाढतात. त्यांचे विष गोबीत उतरते आणि गोबी खाणारे लून पक्षी शरद ऋतूत किनाऱ्यावर मरून पडतात.

सुपीरिअर या साऱ्यातून पुष्कळसे वाचले. त्याच्या थंड पाण्यात कॅल्शियम कमी आहे, शिंपल्यांना कवच बांधायला ते पुरत नाही. तिथे डायपोरिया आहे, मायसिस आहे, सिस्को आहेत, आणि लँप्रे आटोक्यात आल्यावर ट्राउट स्वतःच्या बळावर परतला. २०२४मध्ये मत्स्य आयोगाने तो सुपीरिअरच्या बहुतेक भागांत पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. खालची पायरी शाबूत असेल तर वरची दुरुस्ती होऊ शकते, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नाही. ईरीची तऱ्हा उलटी. उथळ, उबदार आणि शेतांतून वाहून येणाऱ्या खताने भरलेले हे सरोवर वॉलाय आणि पर्च भरपूर देते, पण उन्हाळ्यात त्यात विषारी नील-हरित शेवाळ माजते. २०१४च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराला नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले होते.

मिशिगनमध्ये आता सामन किती सोडायचे हे उरलेल्या एलवाइफच्या वजनावरून ठरते. दर शरदात संशोधन नौका ठरलेल्या जागी जाळी ओढतात, ध्वनिलहरींनी थवे मोजतात आणि शिकारी व शिकार यांचे गुणोत्तर काढतात. ते बिघडायला लागले की चिनूकची सोडणी कमी केली जाते. गळ टाकणाऱ्यांचा त्याला विरोध असतो, पण ह्यूरनचे काय झाले ते त्यांनीही पाहिले आहे.

पुढचा धोका नैऋत्येकडून आहे आणि तो मासा मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला चंदेरा सोडतात, कारण तो इतरांनी न खाल्लेले बारीक वनस्पतिप्लवक गाळून खातो आणि झपाट्याने वाढतो. तळ्यात जो गुण, तोच मोकळ्या नदीत संकट ठरला. १९७०च्या दशकात अमेरिकेत आणलेला चंदेरा आणि त्याचा मोठ्या डोक्याचा भाऊबंद तळ्यांतून निसटून मिसिसिपीत गेले आणि इलिनॉय नदीतून उत्तरेकडे सरकले. तिथून मिशिगनला जाणारी वाट माणसानेच खणली आहे: सांडपाणी सरोवराऐवजी नदीकडे वळवण्यासाठी १९००मध्ये खुला झालेला शिकागोचा जहाज कालवा. २००२पासून त्या कालव्यात विजेचा अडसर कार्यरत आहे. खुल्या मिशिगनमध्ये शिंपल्यांनी प्लवक एवढे गाळले आहे, की तिथे चंदेऱ्याचे पोट भरणे कठीण असा एक तर्क आहे. पण ग्रीन बे, नद्यांची मुखे आणि शिंपल्यांची विष्ठा साचलेला किनारा त्याला पुरेल, असे नंतरचे अभ्यास सांगतात. म्हणून आता जोलिएटजवळ ब्रँडन रोडच्या जलपाशापाशी वीज, ध्वनी आणि बुडबुड्यांचे पडदे असा आणखी एक अडथळा उभारण्याचे काम हाती घेतले आहे.